निरंक
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

हरण्यालाही काही रूप असते. जत्रेच्या आखाड्यात पैलवान चितपट होतो तेव्हा त्याच्या पाठीला निदान माती लागते आणि 'पठ्ठ्या झुंजला मात्र चांगला' असे चार माणसे म्हणतात. वक्तृत्व स्पर्धेत नंबर न आलेला विद्यार्थी 'परीक्षकांना विषयच कळला नाही' असे म्हणून उपाहारगृहात चहा पिऊ शकतो. परीक्षेतल्या अपयशाला तर वाटाच वाटा! पेपर अवघड होता, प्रकृती बरी नव्हती, घड्याळ मागे पडले होते. मासे धरण्याच्या स्पर्धेत हरणाऱ्याला यांतले काहीच मिळत नाही. तो पाच तास उन्हात पाण्यावर नुसता बसून हरतो आणि काठावर येतो तेव्हा त्याची पिशवी नेली तशीच कोरडी असते. माशांनी आपल्याला ओळखले नाही, अशीही तक्रार करता येत नाही. त्यांनी ओळखले म्हणून तर ही पाळी!

गेल्या वैशाखात डिंभ्याच्या पाण्यावर मी असा हरलो. त्याची ही हकिगत.

माझे घर जुन्नर तालुक्यात, येडगाव धरणाच्या खालच्या अंगाला. आजोळ आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या काठी. दोन्हीकडे धरण आहे, पण दोन्हीकडच्या माणसांचे धरणाशी नाते मात्र अगदी निराळे. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत. त्यांपैकी येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार जुन्नर तालुक्यात येतात आणि घोड नदीवरचे डिंभे आंबेगाव तालुक्यात. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिलेले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या ट्रकपुढे आडवा होऊन प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगाव गावच या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला असल्यामुळे कागदोपत्री कुणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही, एवढेच.

माझ्या आईकडची माणसे महादेव कोळी. 'कोळी' म्हटले की शहरातल्या मित्रांच्या डोळ्यांसमोर समुद्र, होडी आणि कोळीगीत उभे राहते. प्रत्यक्षात ही जमात डोंगरातली. भात, नागली, वरई पिकवायची, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, ओढ्याला पाणी आले की खेकडे नि मळे धरायचे, ही त्यांची रीत. मोठ्या पाण्यातली मासेमारी त्यांच्या वाडवडिलांना ठाऊकच नव्हती. शेते बुडाली, पाणी दारात आले, तेव्हा त्यांनी ती शिकून घेतली. या भागात 'शाश्वत' या संस्थेने कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या पुढाकाराने मोठे काम केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याचा हक्क, विस्थापित आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था, यांसाठी ही माणसे झगडली. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आता रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पाण्यात सोडतात, ते वाढवतात आणि मग धरतात. चिलापीला मात्र कुणी आमंत्रण द्यावे लागत नाही. ती पाहुण्यांच्या मागून आलेल्या पाहुण्यासारखी आहे. आली ती राहिलीच.

इथली होडी पाहिली तर हसू येईल. संस्थेकडे बऱ्या होड्या आहेत, पण एकट्या माणसाचे खरे वाहन म्हणजे मालट्रकच्या चाकाची ट्यूब. तिच्यात हवा भरायची, मधल्या भोकावर दोरीची जाळी विणायची किंवा फळी बांधायची, वर बसायचे आणि दोन्ही हातांत दोन फळकुटे घेऊन पाणी मागे सारायचे. किंमत थोडी, वजन थोडे. डोक्यावर घेऊन डोंगर चढता येतो. मोबाइलवर परदेशातल्या मासेमारीच्या स्पर्धा आम्ही पाहतो. तिथले हौशी लोक 'कयाक' नावाच्या निमुळत्या, रंगीत, एकट्याने बसायच्या होडीतून गळ टाकतात. मासा सापडला की तो मोजपट्टीवर ठेवून त्याचा फोटो काढतात आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. ज्याच्या माशांची लांबी जास्त तो जिंकला. पण ही कयाक मुळात काही खेळणे नव्हते. ग्रीनलंडकडचे इन्युइट लोक लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत आणि तिच्यातून सीलची शिकार करून पोट भरीत. पोटाचे साधन पुढे खेळाचे साधन झाले. आमच्या आजोळच्या पोरांनीही नेमके हेच केले. त्यांनी पोटाची ट्यूब एका दिवसापुरती खेळात आणली.

निमित्त होते जत्रेचे. वाड्यावाड्यांतली पोरे नोकरीधंद्यानिमित्त मंचर, चाकण, पुणे अशी पांगलेली असतात. जत्रेला तेवढी जमतात. पालखी झाली, तमाशा झाला, दुसऱ्या दिवशी कुस्त्या झाल्या. तिसऱ्या दिवशी गळाची स्पर्धा घ्यायचे ठरले. मच्छीमार संस्थेतल्या वडीलधाऱ्यांची रीतसर परवानगी घेतली. त्यांनी अटी घातल्या त्या अशा: जाळे आणायचे नाही. एका माणसाला एकच गळ. अर्ध्या किलोच्या आतला मासा जिवंत परत सोडायचा. सकाळी सात ते दुपारी बारा एवढाच वेळ. राखणीला दोन होड्या फिरत राहतील. धरलेला मासा संस्थेच्या काट्यावर मोजायचा आणि ज्याचे एकूण वजन जास्त त्याला एक प्रेशर कुकर व पाचशे एक रुपये. चौदा जणांनी नावे दिली. तेरा जण पंचविशीच्या आतले आणि चौदावे सत्तरी गाठलेले एक बाबा. त्यांचे नाव आले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या कौतुकाच्या होत्या, भीतीच्या नव्हत्या.

माझी तयारी मात्र कडेकोट होती. पुण्याहून नवी काठी आणली होती, तिला तंगूस गुंडाळायचे चाक होते. तीन मापांचे गळ होते. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि थोडा भात मळून आदल्या रात्री चाऱ्याचे गोळे केले होते. शिवाय डब्यात ओल्या मातीतली गांडुळे. मामाने त्याची ट्यूब दिली. तिच्यावर खडूने सातचा आकडा घातला. मामा स्वतः राखणीच्या होडीवर होता. निघताना तो एवढेच म्हणाला, "हात पाण्यात घालून बघ. गार लागंल तिथं बस." पाणी तर सगळीकडे सारखेच गार लागत होते. सकाळचे सात वाजले होते!

शिट्टी झाली. चौदा ट्यूबा पाण्यावर विखुरल्या. मी काठापासून बराच आत, मोकळ्या पाण्यात जाऊन थांबलो. समोर सह्याद्रीची रांग, वर निरभ्र आकाश, खाली हिरवट काळे पाणी. थर्माकोलचा तुकडा पाण्यावर ताठ उभा. पहिला अर्धा तास मला निसर्गाचे सौंदर्य दिसले. दुसऱ्या अर्ध्या तासात ते दिसेनासे झाले. तुकडा थरथरला, की काठी उचलावी, तर गळ स्वच्छ! चारा तेवढा गेलेला. बोटभर चिलाप्यांची पंगत खाली बसली होती आणि मी वाढप्या होतो. नऊ वाजेपर्यंत त्यांनी अर्धे गोळे फस्त केले. दोन चिलाप्या गळाला लागल्या, पण त्या तळहाताएवढ्याही नव्हत्या. नियमाप्रमाणे त्यांना परत सोडले. मला वाटते, त्याच पुन्हा पंगतीला येऊन बसल्या.

साडेनऊच्या सुमारास घाटाकडून वारा सुटला. ट्यूबेला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते, ही गोष्ट वारा सुटेपर्यंत लक्षात येत नाही. ती गोल गोल फिरू लागली. ती फिरू नये म्हणून दोन्ही हातांत फळकुटे हवीत आणि गळ धरायला एक हात हवा. देवाने मला दोनच हात दिले आहेत. काठी गुडघ्यात धरून वल्हवावे, तर तंगूस ट्यूबेला वेढा घालतो. वल्हवणे सोडून तंगूस सोडवावा, तर ट्यूब दुसऱ्याच्या हद्दीत जाते. अकरा नंबरचा गडी ओरडला, "आरं, पाव्हणा माझ्या गळाव बसतोय!" राखणीच्या होडीतली माणसे खदखदून हसली. आजोळी माणूस कितीही मोठा झाला तरी पाहुणाच असतो, हे मला त्या दिवशी चारचौघांत समजले.

दहा वाजता गळ अडकला. तो असा अडकला की ओढावे तो गळ वर येण्याऐवजी मीच ट्यूबेसकट गळाकडे जाऊ लागलो. डावीकडून ओढला, उजवीकडून ओढला. मामाने होडी जवळ आणली, इकडे तिकडे पाहिले, पलीकडच्या डोंगराच्या खिंडीकडे पाहिले आणि म्हणाला, "तोड. त्यो न्हाई निघायचा. खाली करंजाचं खोड हाय." पंचवीस-तीस फूट पाण्याखाली करंजाचे खोड आहे, हे त्याने नुसते डोंगराकडे पाहून सांगितले. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नाही. मला तुटलेल्या तंगुसाचे दुःख होते.

अकराला खरी गंमत झाली. नवा गळ लावून दहा मिनिटे झाली असतील, तुकडा एकदम दिसेनासा झाला. काठी धनुष्यासारखी वाकली. चाक करकरले. आणि ट्यूब हलली! मासा मला ओढून नेत होता. कटला असावा, रोहू एवढ्या जोराने सरळ धावत नाही, असे नंतर जाणत्यांनी सांगितले. काठावरून आरडाओरडा सुरू झाला. "ढील दे! ढील दे!" असे निम्मे ओरडत होते, "सोडू नगं, वढ!" असे निम्मे. मी आळीपाळीने दोन्ही केले. दोन मिनिटे तो प्राणी आणि मी एकाच दोरीला बांधलेले होतो. एकदा त्याची रुंद पाठ पाण्यावर आली, उन्हात चमकली. मग काठी अचानक हलकी झाली, इतकी हलकी की मी मागे कलंडलो. गळ वर आला तो सुईसारखा सरळ झालेला. दुकानदाराने 'पंधरा किलोला मरण नाही' म्हणून दिलेला तो गळ! उरलेला तासभर मी त्या सरळ झालेल्या गळाकडेच पाहत होतो, असे मामा सांगतो.

बाराला शिट्टी झाली. काठावर काटा टांगला होता. एक पोरगा वहीत नोंद करत होता. तो मंचरला एका कार्यालयात कामाला असल्यामुळे त्याची भाषा सरकारी. "एक नंबर, दोन किलो शंभर. दोन नंबर, निरंक. तीन नंबर, नऊशे ग्रॅम." माझी पाळी आली. मी पिशवी पालथी करून दाखवली. "सात नंबर, निरंक." माणसे हसली नाहीत, याचे जास्त वाईट वाटले. एकूण सहा जण निरंक होते. शेवटी चौदा नंबरचे बाबा आले. त्यांच्या पोत्यात दोन कटले आणि एक रोहू. काटा अकरा किलोंच्या पुढे गेला. त्यांची काठी साधी वेळूची, चाक नाही की काही नाही. कुकर त्यांनी सुनेच्या हाती दिला आणि पाचशे एक रुपये देवाच्या पेटीत टाकले.

पाच तास हा माणूस एकाच जागी बसला होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. वारा सुटला तेव्हा आम्ही भेलकांडत होतो. त्यांनी मात्र दोरीला दगड बांधून खाली सोडला होता आणि ट्यूब जागची हलली नव्हती. जेवणे झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारले, "बाबा, तीच जागा का धरली?"

बाबांनी तंबाखू मळली. म्हणाले, "जागा कसली? डोह हाय त्यो. जनावरं धुयाचो आम्ही तिथं. भर उन्हाळ्यात नदी तुटायची, पर त्या डोहाचं पाणी कधी हाटलं न्हाई. आता वरनं समदं एकच दिसतंय. पर मासा वरनं बघत न्हाई, त्यो खालनं बघतो. पाणी कमी झालं, ऊन तापलं की त्यो डोहात उतरतो."

"पण वरून डोह कळतो कसा?"

त्यांनी हात उचलून दाखवले. पलीकडच्या खिंडीची आणि अलीकडच्या एका उंच आंब्याची एक रेघ. गाळातून वर आलेल्या जुन्या देवळाच्या दगडांची आणि मागच्या सुळक्याची दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे डोह. स्थाननिश्चितीची ही पद्धत आम्हाला भूगोलाच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. तिथे तिला टेबल, दुर्बिणीची पट्टी आणि टाचण्या लागतात. बाबांचे शिक्षण किती झाले, हे मी विचारले नाही.

मग एकेक जण बोलू लागला. मामा म्हणाला, करंजाचे खोड ओढ्याच्या तोंडाशी होते. कुणी म्हणाले, त्याच्या वर पांदीची वाट होती, तिथे पावसाळ्याच्या तोंडाला मरळ सापडतो. कुणी विहिरीची जागा सांगितली, कुणी बांधाची. पन्नाशीच्या पुढची सगळी माणसे पाण्याच्या तळाविषयी अशी बोलत होती, की जणू संध्याकाळी त्यांना तिथूनच घरी जायचे आहे. आणि आम्ही तेरा जण गप्प होतो. धरण पुरे झाल्यानंतर जन्मलेल्यांनी पाण्याचा फक्त वरचा पृष्ठभाग पाहिला आहे. तेरांपैकी ज्या थोड्यांना मासे मिळाले, त्यांनाही ते कोणत्या शेतावर मिळाले हे सांगता आले नाही.

संध्याकाळी घरी गेलो. आजीने पिशवीकडे पाहिले, काही बोलली नाही, पाणी दिले. मग तिने विचारले, "बसला कुठं व्हतास?" मी खुणा सांगितल्या: खिंड उजव्या हाताला, देवळाचे दगड पाठीमागे. ती क्षणभर डोळे मिटून बसली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आरं, आपल्या खळ्यावं बसला व्हतास की! खळ्यावं मासा कशाला यील? तिथं भाताच्या उडव्या रचायचो आपण."

आम्ही सगळे हसलो. आजी सर्वांत जास्त हसली आणि मग उठून चुलीकडे गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येडगावच्या जलाशयात जाते आणि तिथून पुढे आमच्याकडच्या शेतांना मिळते. त्या पाण्यावर माझ्या वडिलांचा टोमॅटो पिकतो, नारायणगावच्या बाजारात जातो आणि त्यातून माझी फी भरली जाते. आजीच्या खळ्यावर आता भात नाही, पण त्या खळ्यावरून जे वाहत येते त्यावर आमचे घर चालते. आजीला हे ठाऊक आहे. लग्नात तिने मुलगी दिली आणि पुढे तिच्याच घरी पाणीही गेले, असे ती कधीमधी थट्टेने म्हणते. त्या थट्टेला उत्तर काय द्यावे, हे वडिलांनाही सुचत नाही आणि मलाही.

सुट्टी संपल्यावर महाविद्यालयात आलो आणि आमच्या विभागातला धरणापूर्वीचा स्थलदर्शक नकाशा काढून पाहिला. त्यात नदी आहे, समोच्च रेषा आहेत, गावाच्या नावाखाली घरांचे ठिपके आहेत. डोहाचे नाव नाही. खळे, पांद, करंज हे तर नाहीच. तलाठ्याच्या जुन्या दप्तरात गटनंबर असतील, पण मासा गटनंबरात राहत नाही. ही सारी माहिती आज फक्त पंधरा-वीस म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. त्यांच्यातले दोघे जण गेल्या पावसाळ्यात गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी चार संध्याकाळ त्या बाबांकडे बसलो. ते अंगणात काटकीने नदी काढत, मी ती वहीत उतरवत असे. आजी आणि मामा मधूनच भांडत: ओढा अलीकडे होता की पलीकडे, चिंच कुणाच्या बांधावर होती. नऊ डोहांची नावे मिळाली, तीन विहिरी, दोन उतार, एक पांद. पोरांनी ठरवले आहे की यंदाच्या स्पर्धेत प्रत्येक ट्यूबेमागे एक म्हातारे माणूस होडीत बसवायचे. त्याने जागा सांगायची, पोराने गळ टाकायचा आणि बक्षीस दोघांत वाटायचे. बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "चालंल. पर कुकर एकच, त्यो कसा वाटनार?"

आजीने मात्र आधीच सांगून ठेवले आहे, की ती माझ्याच होडीत बसणार. पाच तास उन्हात बसणे तिला झेपेल का, अशी आईला काळजी आहे. आजीचे म्हणणे असे, की घर बुडाल्यापासून ती तिकडे एकदाही गेलेली नाही, तेव्हा पाच तास काही जास्त नाहीत.